डकोटाची सुई

मी पुण्याची, सासर हैदराबादचं. सासरे बेगमपेटच्या विमानतळावर रेडिओ मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर ते तारनाक्याहून कुकटपल्लीला आमच्याकडे राहायला आले. रविवारी दुपारी मी कॉम्प्युटरवर विमान उडवते, हे त्यांना तेव्हा कळलं.

त्या दिवशी मी डकोटा हे जुन्या काळातलं विमान उडवत होते. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, चष्मा लावला आणि पडद्यावरच्या एका चौकोनावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"जीपीएस. सोयीसाठी लावलंय."

"डकोटात?"

"हो."

"मग बैलगाडीलाही लाव," म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले.

मी जीपीएस काढलं. त्या जागी जुनी गोल तबकडी आली. जमिनीवरून रेडिओ-खूण पाठवणाऱ्या बीकनचा आकडा रेडिओवर लावला, की तबकडीवरची सुई त्या बीकनकडे वळते. नागपूरहून हैदराबादला निघालो. अर्ध्या वाटेवर बाबांनी तोंडपाठ असलेला बेगमपेटचा आकडा सांगितला. मी लावला. सुई नुसती भिरभिरत राहिली.

"फ्यूज बघ."

"बाबा, हा कॉम्प्युटर आहे."

"असू दे. फ्यूज बघ."

फ्यूज ठीक होता. प्रोग्रॅममधलं जग आजचं होतं आणि आजच्या जगात तो बीकन नव्हता. हे त्यांना सांगायला मला दोन दिवस लागले. ते "अच्छा" म्हणाले आणि गच्चीवर गेले.

जुन्या विमानांच्या शौकिनांनी बंद पडलेल्या बीकनची एक फाइल करून ठेवली आहे. ती मी शोधून प्रोग्रॅममध्ये घातली. पुढच्या रविवारी तोच आकडा लावला, आणि टूं-टूं असा आवाज आला. बाबांनी डोळे मिटून त्यातली मोर्सची अक्षरं ऐकली.

"हौ. आपलंच स्टेशन आहे."

मी सुईच्या मागे निघाले. वारा डावीकडून होता, त्यामुळे विमान मोठं वळण घेत, भलत्याच रानावरून चाललं.

"सुई स्टेशन दाखवते, रस्ता नाही," बाबा म्हणाले. "वाऱ्याकडं थोडं तोंड ठेव."

तोंड ठेवलं. बऱ्याच वेळाने बीकन बरोबर विमानाच्या खाली आला. सुई थरथरली आणि गर्रकन उलटी फिरून शेपटीकडे वळली.

बाबा खुर्चीतून उठले. "परत कर."

मी वळून पुन्हा बीकनवरून गेले. सुई पुन्हा फिरली. आम्ही अकरा वेळा गेलो. आतून सासूबाईंनी विचारलं, "उतरलात का? भात निवला."

"नाही, अजून वरच आहोत," बाबा ओरडले.

मग ते मला म्हणाले, "मी ही सुई जन्मभर दुरुस्त केली. विमान खाली उभं असायचं. सुई स्टेशनकडं वळली, की सही करायची. वर गेल्यावर ती अशी उलटते, हे पायलट सांगायचे. मी कधी बघितलं नव्हतं."

 मी बाराव्या फेरीसाठी वळले.

उतरताना मी धावपट्टी सोडून गवतात गेले. बाबांनी पडदा निरखून पाहिला.

"रेडिओत काही बिघाड नाही," म्हणाले आणि जेवायला गेले.