एका घराला एक फेरी

चूक माझीच होती. दुष्काळात टँकरची रांग सांभाळायचं काम ग्रामपंचायतीने मला दिलं आणि मी स्वतःला कलेक्टर समजू लागलो. एका घराला रांगेत एकच फेरी, हा नियमही माझाच.

ती ऊसतोडीवरून परतलेली, तिशीची बाई. एका हाताने ओटीपोट दाबून धरायची, दुसऱ्या हातात छोटी कळशी. ती घरी रिकामी करून पुन्हा रांगेत यायची.

"राणीसरकार, हंडा उचलायला लाज वाटते का?" असं ओरडून मी तिला रांगेबाहेर काढलं.

ती हसली. "आवो साहेब, पंधरा दिस झाले पिशवी काढून. डाक्टर म्हणला, वजन उचलू नगं. त्याला वाटलं, आमच्या घरी नळ हाय."

रांगेतलं कुणी हसलं नाही. ऊसतोडीत खाडा पडू नये म्हणून गर्भाशय काढायची ऑपरेशनं गावात घरोघर झालेली. नियम करताना मला तेवढंच सुचलं नव्हतं.

संध्याकाळी भरलेला हंडा तिच्या दारात ठेवून मी पुटपुटलो, "चुकलो."

"वरडलात रांगेत. माफी का गुपचूप?"

दुसऱ्या दिवशी भरल्या रांगेत, तेवढ्याच मोठ्याने, मी ओरडलो, "ताई, माझं चुकलं!"