पंचविसावा दात

मशीनवरच्या मावशींनी मला वाचवलं, हे आधी लिहून ठेवते. मी काय केलं ते नंतर. उलट क्रमानं लिहायला गेले तर माझ्याच बाजूनं लिहीन, अशी भीती वाटते.

मावशी सांगलीकडच्या. भोसरीच्या बाजूला आमचं वर्कशॉप आहे, तिथं लाकडाच्या पातळ फळ्या लेझरनं कापून शाळेच्या मुलांसाठी मॉडेलं बनवतात. पवनचक्की, रहाट, दातेरी चाकं. कापायची मशीन मावशींकडे होती. मी पॅकिंगला. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या हंगामात आमच्या आर्णीकडे वेचणीला बायका लागल्याच नाहीत, म्हणून मी नणंदेच्या मागोमाग इकडे आले.

एक दिवस कॉम्प्युटरवर आकृत्या काढणारी मुलगी लग्न करून गेली. वर्कशॉप चालवणाऱ्या सरांनी मला विचारलं, "दहावी झालीय ना तुझी?" मी म्हटलं, "हो." माझी सातवी झालेली. आमच्या बौद्धपुऱ्यात पोरगी शाळा सोडते म्हटलं की विहारातली म्हातारी माणसं घरी समजवायला येतात. माझ्याही घरी आली होती. मी त्यांच्यासमोर मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी वेचायला गेले. त्यामुळे सरांना "हो" म्हणताना त्या सगळ्यांशी पुन्हा एकदा खोटं बोलल्यासारखं झालं. पण खुर्ची पाहिजे होती. सर म्हणाले, महिनाभर बघू, जमलं तर कायम, नाही तर परत पॅकिंग.

गोल, चौकोन, पट्टी हे लवकर जमलं. दोन आकार एकमेकांवर ठेवून जोडायचे, एकातून दुसरा कापून घ्यायचा, हेही जमलं. मावशी जाता येता बघायच्या. "हात चांगलाय की तुझा," म्हणायच्या. मी 'मला'च्या जागी 'मले' म्हणे, त्याला मात्र हसायच्या. "मले न् तुले, वरण न् फुले," असं काहीतरी जुळवायच्या आणि स्वतःच हसायच्या.

महिना संपत आला तेव्हा एका शाळेची ऑर्डर आली. साठ खोकी, प्रत्येकात चाकांची जोडी. मोठ्याला चोवीस दात, लहानाला बारा. सर म्हणाले, "हे एवढं नीट कर, म्हणजे तुझं नक्की."

बाराचं चाक भिंतीवरच्या घड्याळाचे बारा आकडे बघून काढलं. चोवीसचं अडलं. गोलाचे चोवीस सारखे भाग कसे करतात ते मला माहीत नव्हतं, आणि विचारलं असतं तर दहावी उघडी पडली असती. मग मी सरकी लावताना करतो तसं केलं. तिथं दोरीला गाठी मारून अंतर धरतात. मी एक छोटी पट्टी काढली, ती गोलाच्या काठानं सरकवत गेले आणि पट्टीगणिक एक दात बसवला. चोवीस झाले. पण शेवटच्या आणि पहिल्या दातामध्ये जागा उरली, बाकीच्यांपेक्षा जास्त.

आमच्याकडे तासात, म्हणजे पेरलेल्या ओळीत, कुठं रोप उगवलं नाही तर त्या मोकळ्या जागेला खाडा म्हणतात. खाडा दिसला की रस्त्यानं जाणारा विचारतो, कोणाचं वावर हो हे? म्हणून तिथं पुन्हा बी टोचतात, खाडा भरतात. माझा हात आपोआप गेला. मी आणखी एक दात थोडा बारीक करून त्या जागेत बसवला. चाक भरल्यासारखं दिसलं. मला बरं वाटलं, हे खरं आहे.

मावशींनी फाईल घेताना विचारलं, "चोवीस हायत न्हवं?"

"मोजले न मावशी."

त्यांनी माझ्या शब्दावर साठही जोड्या कापल्या.

दुपारी सरांनी एक जोडी खिळ्यांवर बसवून फिरवली. अर्धा फेरा गेला आणि चाक अडकलं. मागं घेतलं, फिरवलं, परत तिथंच. दुसरी जोडी घेतली, तीही तिथंच. पॅकिंगच्या बायका हातातलं काम ठेवून बघायला लागल्या.

"हे असं कसं झालं?"

मी फरशीकडे बघत राहिले.

मावशी पुढे आल्या. "फाईल मी बघितली होती, सर. एक तुकडा कापून, फिरवून बघायला पायजे होता. माझी चूक."

"इतकी वर्षं मशीनवर आहात. चष्मा शोभेला घालता का?"

बायका हसल्या. मावशींनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत घातला. मी तेव्हाही बोलले नाही. सरांनी त्यांना पॅकिंगला बसवलं आणि मशीन दुसऱ्याला दिली. मला म्हणाले, "तू नवीन आहेस, पुन्हा काढ."

जेवणाच्या सुट्टीत मावशी डबा घेऊन माझ्या खुर्चीशी आल्या. पडद्यावर बोट ठेवलं. "ह्यो मधीच कुठनं उगवला?"

"जागा उरली होती. खाडा भरला." मग त्यांना खाडा सांगावा लागला.

"अगं, शेताला बांध असतोय. उरलंसुरलं तिथं खपतंय. चाकाला कुठला आलाय बांध?" त्या हसल्या, मग हळू आवाजात म्हणाल्या, "दहावी न्हाई ना झाली?"

"नाही."

"पंधराचा पाढा येतोय?"

"येते."

"पंधरा दाहे?"

"दीडशे."

"दोनदा घे, तीनशे. वर पंधरा चोक साठ. अख्खा गोल तीनशे साठ अंशांचा. झाले का दहा, दहा न् चार?" मग माझा हात माऊसवर ठेवून त्यांनी दाखवलं. एकच दात काढायचा. त्याच्या फिरण्याचा ठिपका धरून मोठ्या गोलाच्या मध्यावर नेऊन ठेवायचा. पंधरा अंश लिहायचे, नक्कल घ्यायची, मग तीच आज्ञा पुन्हा पुन्हा द्यायची. शेवटचा दात पहिल्याच्या शेजारी जाऊन बसला, आणि मध्ये तेवढीच जागा राहिली जेवढी सगळ्यांमध्ये होती.

मी म्हटलं, "मावशी, मी सरांले सांगते."

"गप बस. आता सांगून दोघींनी घरी जायाचं का?"

मी गप्प बसले. त्यांनी सांगितलं म्हणून बसले, असं मी स्वतःला सांगते. पण त्या बोलल्यावर मला सुटल्यासारखं झालं होतं, तेही लिहिलं पाहिजे.

मी कायम झाले. मावशी अजून पॅकिंगलाच आहेत. मी काढलेली चाकं त्या मोजून पिशवीत भरतात. नवीन आलेल्या बायकांना कोणी ना कोणी चष्म्याचा किस्सा सांगतंच. मावशीही हसतात, आणि मी पडद्याकडे तोंड करते. रोज ठरवते, आज बोलू. रोज सरांचा आवाज ऐकला की पुढचं चाक काढायला घेते.

मावशी, तुमचा मान माझ्यामुळे सगळ्यांदेखत गेला. तो सगळ्यांदेखतच परत द्यायला पाहिजे, त्याच बायकांसमोर, सरांसमोर, माझ्या सातवीसकट. आज माझ्यात ती हिंमत नाही. पण देईन.