घाई हाय का, मामा?

२०१८ साल. मी एकोणसत्तर वर्षांचा होतो. आमच्या धरणाच्या पाण्यात एक बेट आहे. तिथं माणसं नेणारा होडीवाला होडी सोडण्याआधी दर खेपेला हातातला वेळू तळाला टेकवायचा, वर काढायचा आणि टोकाचा गाळ हुंगायचा. बाजारात बाया कोथिंबीर हुंगतात तसा. कोणी म्हटलं, "चला की आता," तर म्हणायचा, "घाई हाय का? मंग पवत जा."

असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. सावकाश, आणि त्यांच्यापुढं आपणच उतावळे ठरतो. मला त्याचा राग यायचा. ते बेट म्हणजे आमच्या बुडालेल्या गावामागची टेकडी. धरण भरलं तेव्हा मला मिशा फुटल्या होत्या. आणि हा पलीकडच्या पाड्यातला मला सांगायचा, "मामा, बसा. हात आत." मी बसत नसे. आमच्या गावावरचं पाणी आहे, मी उभा राहीन नाहीतर नाचेन.

माझी शाळा तिसरीपर्यंत. पण बेट दाखवायचो मीच. चढायची वाट, घारीचं घरटं, लढाईत पडलेल्या गड्याचा कोरीव दगड, कातळात खोदलेलं टाकं. शहरातली माणसं ऐकून वहीत लिहायची. छाती फुगायची माझी.

त्या मे महिन्यात शाळेतल्या एक बाई पक्षी बघायला आल्या, एकट्याच. दुपारी टेकडी उतरलो तर वारा सुटलेला, पाण्यावर लाटा. होडीवाला करवंदीच्या सावलीत बसलेला. वारा पडल्याशिवाय होडी सोडायला तयार नव्हता. बाईंना आटगावला गाडी धरायची होती आणि वेळेवर पोचवतो असा शब्द मी दिला होता.

पाणी उतरून बेटाची एक बाजू काठाला लागली होती. तिथूनच आमचा जुना बैलगाडीचा रस्ता जायचा. मी म्हटलं, "चला बाई, चालत जाऊ."

"मामा, नको," तो म्हणाला. "वरून पापड हाय, आत दही."

"माझ्या गावचा रस्ता मला शिकवतो का तू?"

"रस्ता तुमचा. गाळ धरणाचा."

शंभरेक पावलं बरी गेली. मी बाईंना दाखवतही होतो, इथं चिंच होती, इथं पार. मग पापड मोडला. गुडघा, मांडी, कंबर. पाय हलवला की आणखी आत. खाली पायाला काही लागतच नव्हतं. मागं बाई गुडघ्यापर्यंत रुतून उभ्या.

होडीवाला होडीतल्या दोन फळ्या आणि वेळू घेऊन आला. फळ्या पुढं सरकवत, पोटावर सरपटत.

आता लिहितो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मला म्हणायचं होतं, "आधी बाईंना काढ." तोंडातून निघालं, "मला. आधी मला." तीनतीनदा.

त्यानं माझ्याकडं नुसतं बघितलं. बाईंच्या काखेत हात घालून त्यांना फळीवर ओढलं, मागं लावून दिलं. तोवर गाळ माझ्या छातीला आला. मग फळी माझ्याकडं सरकवत म्हणाला, "घाई हाय का, मामा?"

मी रडत होतो.

"मागं पडा. खाटेवर पडल्यागत. पडा म्हंतो ना."

पडलो. लई वेळानं एकेक पाय सुटला. वेळू मात्र गाळातच गेला.

वारा पडल्यावर त्यानं होडी वल्हवत आम्हाला पलीकडं सोडलं. बाईंची गाडी चुकली होती. "पाणी प्या, बाबा," एवढंच त्या म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तो पुढं तीन वर्षं जगला. टपरीवर कोणी त्या गाळाचं विचारलं की माझ्यादेखत सांगायचा, "मामांनीच सांगितलं, आधी बाईंना काढ." लोक माझ्याकडं मानानं बघायचे. मी बशीत बघत चहा प्यायचो. आता त्याची होडी काठावर उलटी पडलीय. त्याचं खोटं मोडायला इथं मीच उरलोय, म्हणून लिहिलं.

गाळातून निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसातला एक सरळ वेळू तोडला, खांद्यावर टाकून काठावर नेला. त्यानं तो तळाला टेकवला, वर काढला, हुंगला. मी होडीत चढलो आणि त्यानं सांगायच्या आत खाली बसलो. हात आत घेतले.