श्रॅम्ड, निदर्ड आणि आमची कुंदा

कुंदा आज पहाटे गेली आणि ग्रुपवर लोक तिला "शांत, मनमिळाऊ" म्हणतायत.

साफ खोटं.
ती भांडखोर होती. म्हणून तर आमचं जमलं.

डहाणू तालुक्यातल्या डोंगराळ भागात, सायवनकडच्या एका आश्रमशाळेत आम्ही दोघी शिकवायचो. ती इंग्रजी, मी गणित.

समुद्रकाठी डहाणूच्या ऑफिसात पंख्याखाली बसणाऱ्या साहेबांना वाटायचं, या तालुक्यात थंडी पडतच नाही.
आणि इथे पोरं टाकीच्या गार पाण्याने अंघोळ करून, ओल्या केसांनी प्रार्थनेला उभी.

"हाउ आर यू?" विचारलं की दात वाजवत एका सुरात, "आय ॲम फाइन, थँक यू!"
पुस्तकात तेच उत्तर होतं ना.

गरम पाण्यासाठी कुंदा हेडसरांशी भांडली.
"मुलांची काही तक्रार नाही, बाई."

मग तिने रद्दीतल्या एका जुन्या इंग्रजी डिक्शनरीतून शब्द शोधले.
श्रॅम्ड, म्हणजे थंडीने आखडलेला.
निदर्ड, कुडकुडणारा.
नेश, ज्याला जरासा गारवा सोसत नाही तो.

मी कॉन्व्हेंटची, पण यातला एकही ऐकलेला नव्हता.
"कोण बोलतं गं हे आता?"
"आपली पोरं बोलतील."

जानेवारीत साहेब तपासणीला आले. स्वेटर, मफलर, कानटोपी.
"हाउ आर यू, चिल्ड्रन?"

सातवीतली सुनंदा उठली. "आय ॲम श्रॅम्ड, सर."
"म्हणजे?"
तिने हात पुढे केले. बोटं मिटत नव्हती.
"पेन धरवत नाय, सर. गार पाण्यानं अंघोळ करतो ना."

मागून आवाज आला, "आय ॲम निदर्ड, सर!"
आणखी मागून, "सर, यू आर नेश!"

वर्ग खदखदून हसला. हेडसर लालबुंद.
"बाई, मुलांना उलट बोलायला शिकवता?"
"नाही सर. इंग्रजी बोलायला."

साहेब हसले नाहीत. त्यांनी सुनंदाची बोटं हातात धरून पाहिली.
"इथे पाणी तापवायची काय सोय आहे?"


पुढच्या आठवड्यात चुलीवर मोठे हंडे चढले.

त्या सकाळी कुंदा न्हाणीघराबाहेर उभी राहून ओरडत होती, "अरे, बाहेर या! प्रार्थना चुकेल!"

आतून नुसता तांब्यांचा आवाज आणि दंगा.
कुणीही बाहेर येईना.
आणि ती भांडखोर बाई, पदर तोंडाला लावून हसत होती.

जा, कुंदा.
तुझ्या मैत्रिणीचा शेवटचा नमस्कार.