दहिवलीची डाकोटा

चार माणसं दर रविवारी एकाच खोलीत बसायला लागली की किस्से आपोआप साठतात. त्यांची वही कुणी ठेवत नाही. पण कुणाच्या लग्नात आमच्यातलं कोणी भेटलं की एक आठवतो, तो सांगताना दुसरा निघतो, आणि पंगत उठते तरी आम्ही आपले तिथेच.

आमची खोली म्हणजे कर्जतजवळ दहिवलीला गुप्तेकाकांच्या घरामागचं भाताचं कोठार. काका मुंबईला विमानांचे मेकॅनिक होते. पन्नास-साठच्या दशकात डाकोटा नावाची दोन पंख्यांची विमानं उडायची, त्यांची इंजिनं खोलण्यात आणि बांधण्यात त्यांची नोकरी गेली. पुढे जेट आली, डाकोटा भंगारात निघाल्या. काका निवृत्त होऊन गावी आले आणि त्यांनी कोठारात विमान बांधायला घेतलं.

उडणारं नव्हे. फक्त पुढचा भाग, पायलट बसतो तेवढा. दोन खुर्च्या, समोर सागाच्या फळीवर भंगारातून आणलेली बारा घड्याळं, खाली सहा दांडे, प्रत्येक इंजिनाला तीन, आणि पायाशी विमान वळवायची दोन पेडलं. दोन बाजूंना दोन टेबलफॅन, वेग कमी-जास्त करायला दांड्यांना जोडलेले. त्यांच्या पात्यांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या घासायच्या, त्यामुळे इंजिनासारखी घरघर यायची. दांडा ओढला की फळीमागे एक दोरी हलायची. तिथे स्टुलावर काका बसलेले असत. कुठली दोरी किती हलली हे बघून ते घड्याळांचे काटे हाताने फिरवायचे. उंची, वेग, तेलाचं तापमान, सगळं काकांच्या बोटांत. मधूनच ते एखादं इंजिन बंद पाडायचे आणि फटीतून बघायचे, हा आता काय करतो?

मी तेव्हा खोपोलीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. वायरिंगचा नकाशा काढून द्यायला म्हणून एका रविवारी गेलो आणि पुढची सात-आठ वर्षं जातच राहिलो.

*

वत्सलाबाई शाळेत गणित शिकवायच्या. काकांनी उड्डाणाआधी तपासायच्या गोष्टींची यादी फुलस्केप कागदावर लिहून ठेवली होती, बेचाळीस कलमं. आम्ही ती आरतीसारखी भरभर म्हणून मोकळे व्हायचो. बाई पहिल्यांदा खुर्चीत बसल्या आणि त्यांनी हातात पेन्सिल घेतली.

सतराव्या कलमाला गाडी अडली. ‘शेपटीचं कुलूप काढलं का?’ वाऱ्याने शेपटीच्या हलत्या झडपा आपटू नयेत म्हणून विमान उभं असताना तिथे एक अडसर लावतात, तो काढायचा असतो. बाई म्हणाल्या, या विमानाला शेपटीच नाही, मग काढलं असं मी कसं लिहू?

काका स्टुलावरून उठले. मागच्या दाराने बाहेर गेले, अंदाजाने पावलं मोजत आंब्याखाली जाऊन उभे राहिले. तिथे वाकून त्यांनी दोन्ही हातांनी काहीतरी ओढल्यासारखं केलं आणि परत आले. “काढलं,” म्हणाले. बाईंनी बरोबरची खूण केली.

बेचाळिसावं कलम झालं तेव्हा एक वाजला होता. काकू जेवायला हाक मारत होत्या. विमान जागचं हललं नव्हतं. हात धुताना काका म्हणाले, “इतकं सुरक्षित विमान मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही.”

*

नाईक रेल्वेत ड्रायव्हर होते. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात आणि ती गाडीला घाटावर ढकलत नेतात, त्या इंजिनांवर त्यांची ड्यूटी. दोन इंजिनांचा मेळ म्हणजे काय हे आम्हाला शिकवू नका, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबरही होतं. पुढचा ड्रायव्हर काय करतोय हे न बघता, नुसत्या धक्क्यावरून ओळखायची त्यांना सवय होती.

त्यांची पहिली फेरी जुहू ते पुणे. आमच्या सगळ्या फेऱ्या त्याच असायच्या. घाटावर आल्यावर काकांनी उजवं इंजिन बंद पाडलं. अशा वेळी विमान बंद इंजिनाच्या बाजूला वळायला लागतं. उलट्या बाजूचा पाय दाबायचा, बंद पडलेल्या पंख्याची पाती वाऱ्याला कडेने वळवायची, चालू इंजिनाला जोर द्यायचा. हे सगळं नाईकांना तोंडपाठ होतं.

पण तीस वर्षांची सवय हातात होती. इंजिन गेलं की आधी गाडी उभी करायची. त्यांनी सगळे दांडे मागे ओढले, ब्रेक बांधला आणि स्वस्थ बसले.

वेगाचा काटा खाली खाली येत शून्यावर टेकला. मग फळीमागून काकांचा आवाज आला, “नाईक, कुठे थांबलात?”

नाईकांनी मांडीवरच्या नकाशात घाटातल्या एका स्टेशनावर बोट ठेवलं. जरा ओशाळून म्हणाले, “ठाकुरवाडी.”

*

शांताराम भोईर आमच्यात आला तो पाना मागायला. शिळफाट्याकडे त्याची भाताची गिरणी होती आणि एक नट सुटत नव्हता.

त्या दिवशी आमचं एक दुखणं चाललं होतं. दोन पंखे अगदी थोडे मागेपुढे फिरत असले की त्यांचा आवाज सलग येत नाही, चढतो-उतरतो, वाव-वाव असा. खऱ्या विमानात याने प्रवाशांचं डोकं उठतं. चांगला पायलट कानाने ऐकून दोन्ही इंजिनं जुळवतो, असं काका सांगायचे. आमच्यापैकी कुणाला ते जमत नव्हतं. बाईंनी तर घड्याळ लावून फेऱ्या मोजायचा प्रयत्न केला होता.

शांताराम दारात पाना हातात घेऊन उभा होता. थोडा वेळ ऐकून म्हणाला, “काका, डावा जरा मागं हाय.” आत आला, डावा दांडा केसभर पुढे सरकवला. आवाज सरळ झाला. कोठारात एकदम मोठी शांतता झाल्यासारखं वाटलं, पंखे चालू असून.

काका फळीमागून बाहेर आले. हे कसं कळलं म्हणून विचारलं. शांतारामला प्रश्नच समजला नाही. “दिसभर गिरनीत बसून दुसरं काय ऐकतो आमी?”

पाना त्याने रात्री नेला. तोवर तो उजव्या खुर्चीत होता.

पुढे एकदा त्याने काकांना विचारलं, पुण्याला जाताना माझं शेत खाली येतं का? काकांनी नकाशावर पट्टी ठेवली. जुहू सोडल्यावर चौदाव्या मिनिटाला, डाव्या हाताला येतं म्हणाले. त्या रविवारी शांतारामने विमान चालवलंच नाही. नाईकांना चालवायला लावलं आणि स्वतः डाव्या खुर्चीत बसून राहिला. चौदाव्या मिनिटाला काका म्हणाले, “शांताराम, आलं.” डाव्या खिडकीतून कोठाराची भिंत दिसायची. शांताराम त्या भिंतीकडे वाकून बघत राहिला.

काय दिसलं, असं मी नंतर विचारलं. म्हणाला, “लय बारीक हाय रं. त्येवढ्यासाठी भावाशी सा वर्सं बोललो नाय.”

दिवाळीला दोघे भाऊ मिळून काकांकडे पोह्यांचं पोतं घेऊन आले.

*

ऐंशीच्या दशकात काकांचा पुतण्या परदेशातून छोटा कॉम्प्युटर घेऊन आला. टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटवरून विमानाचा खेळ त्यात भरायचा. पाच-सात मिनिटं किरकिर आवाज झाल्यावर पडद्यावर चार रेघांचा रनवे आला.

आम्ही हरखून गेलो. बाईंनी तर पहिल्याच दिवशी त्यातलं गणित काय असेल यावर दोन पानं भरली. काका तीन तास बसले. चारदा पडले, पाचव्यांदा उतरवलं. पुतण्याला वाटलं, आता कोठारातलं लाकूड चुलीत जाणार.

काकांनी विचारलं, दुसरं इंजिन कुठे आहे? पुतण्या म्हणाला, याला एकच असतं. मग त्याने काकांना विचारलं की आता जेटची सिम्युलेटरं आहेत, सगळं आहे, तुम्हाला ही जुनी पंख्यांचीच विमानं का लागतात?

काका म्हणाले, “जेटला तू नसलास तरी चालतं. डाकोटा दर दोन मिनिटांनी विचारते, आहेस ना?”

*

आता कॅप्टनसाहेबांचा.

ते काकांच्या वेळचे पायलट. वय सत्तरीच्या पुढे. माथेरानला हवापालटासाठी आले होते, तिथून काकांना चिठ्ठी आली की येतो. काकांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं, त्यांची नजर गेली आहे, उजेड-अंधार तेवढा कळतो. तुम्ही विमानाचा विषय काढू नका.

ते आले, चहा झाला, आणि त्यांनीच विचारलं, “गुप्ते, ते कुठे आहे?”

आम्ही त्यांना हात धरून डाव्या खुर्चीत बसवलं. त्यांनी एक-एक दांडा चाचपला. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, हा अर्धा इंच खाली हवा. काका म्हणाले, हो, फळी कमी पडली. काटे वाचून दाखवायला वत्सलाबाई उजवीकडे बसल्या.

माणूस बदलला हो. काठी टेकत आलेले गृहस्थ ते हे नव्हेत असं वाटावं. बाई आकडे सांगत होत्या आणि त्यांचे हात त्याआधीच हलत होते. पंखे त्यांनी एका झटक्यात जुळवले. शांतारामने माझ्याकडे बघून मान हलवली.

काकांनी त्यांच्यासाठी सगळं सुरळीत ठेवलं होतं. वारा नाही, ढग नाही. घाट आला तसे कॅप्टनसाहेब म्हणाले, “गुप्ते, डावं बंद कर.”

डावा पंखा फिरतच राहिला.

“कर बंद.”

डावा पंखा फिरत फिरत थांबला. साहेबांनी पाय दाबला, हाताने तीन गोष्टी केल्या, कुठली घाई नाही. पुण्याकडे न जाता त्यांनी विमान हळूहळू वळवलं आणि परत जुहूच्या वाटेला लावलं. पुढची वीस मिनिटं एका पंख्याच्या घरघरीवर गेली. फक्त बाई उंची सांगत होत्या. नऊशे. सहाशे. तीनशे. शंभर. काकांनी काटा शून्यावर इतक्या हळू आणला की तो टेकला कधी ते कळलं नाही.

साहेबांनी उरलेलं इंजिन बंद केलं. एकेक स्विच पाडला. पण उठले नाहीत. हात मांडीवर ठेवून बसून राहिले. नाईक हात द्यायला पुढे झाले तर बाईंनी खुणेने थांबवलं.

मग साहेबांनी विचारलं, “प्रवासी उतरले?”

फळीमागून काका म्हणाले, “उतरले, साहेब.”

“सगळे?”

“सगळे.”

तेव्हा ते उठले.