तोंग मावशीचा लाल माउथपीस

तोंग मावशीच्या खालच्या ओठाची कातडी ट्यूबाला, त्या भल्यामोठ्या पितळी कर्ण्याला, चिकटून राहिली, तेव्हा मी तिच्यापासून चार पावलांवर होतो. उणे सव्वीस तापमान होतं. प्रेतयात्रा चौकात थांबली होती आणि ती ओठ उचलायला विसरली, एवढंच. मग तिने मान मागे घेतली. पांढऱ्या कोटावर रक्ताचे तीन थेंब पडले. ती ओरडली नाही. ओठावरून जीभ फिरवली आणि पुढची धून वाजवली.

मी साहित्याची पदवी घेऊन गावी परतलो होतो. स्वेइ मास्तरांच्या मयतीच्या बँडबरोबर फिरायचो आणि गेलेल्या माणसाबद्दल दोन पानं लिहून वाचायचो. मावशी मला ‘लेखकराव’ म्हणायची.

ती त्रेपन्न वर्षांची. एकोणिसाव्या वर्षी बीटच्या साखर कारखान्यात लागली. तिथे कामगारांचा बँड होता, पण ट्यूबा उचलायला कोणी तयार नव्हतं. ही पोती उचलायची, म्हणून हिच्या गळ्यात आला. पुढे कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली. ट्यूबा तिने घरी नेला. कोणी परत मागितला नाही. नवरा कामासाठी दक्षिणेला गेला, तो तिकडचाच झाला. ट्यूबा राहिला.

थंडीत पितळेचा माउथपीस, म्हणजे फुंकायची सुटी वाटी, मावशी काखेत ठेवायची. वेळ आली की बसवायचा, आणि धून संपली की ताबडतोब ओठ बाजूला. चौतीस वर्षांत ती एकदाच चुकली.

त्या दिवशी मयतीच्या जेवणाला स्वेइ मास्तर तिच्या शेजारी बसले. ते स्वतः ट्रम्पेट वाजवायचे; कारखान्यात त्यांनीच तिला सूर शिकवले होते.

“तोंग, आता बास. खालचे सूर मी स्पीकरवर लावतो. त्याला ओठ नाहीत.”

“त्याला दमही नाही.”

“लोकांना काही कळत नाही गं.”

“मला कळतं ना.”

मास्तर गरम टोफू फुंकत बसले. मावशीला गरम काही खाता येत नव्हतं.

“पुढची एक मयत देतो,” ते म्हणाले. “मयताच्या घरापासून शवगाडीपर्यंत टिकलीस तर बँडात ट्यूबा तुझाच. मध्ये गळालीस तर स्पीकर, आणि तू झांजा घे.”

“झांजा तुम्ही घ्या. तुमचे दात नाहीतरी पडायला आलेत.”

प्लास्टिकचे माउथपीस मिळतात, थंडीत चिकटत नाहीत, हे मीच तिला फोनवर दाखवलं. मास्तरांनी ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

“मयतीला चाललीस की वाढदिवसाला? पितळेला वजन असतं. सूर भरीव येतो. प्लास्टिकचा पोकळ येणार.”

“येऊ दे. फाटक्या ओठातून तर काहीच येत नाही.”

तिने घरी जाऊन स्वतःच मागवला. नवव्या दिवशी पार्सल आलं. त्याच दिवशी निरोपही आला: एक ट्रकवाला गेला होता, सत्तेचाळीस वर्षांचा. यात्रा दुसऱ्या दिवशी सकाळी.

मी तिच्या घरी गेलो. टेबलावर माउथपीस होता. लालभडक.

“काळा मागवला होता,” मावशी म्हणाली.

मी फोन घेतला. चित्र काळ्याचंच होतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘जो रंग शिल्लक असेल तो पाठवू.’

आमच्याकडे लाल म्हणजे लग्नाचा, आनंदाचा रंग. पिकून गेलेला नव्वदीचा म्हातारा असता तर लाल खपून गेलं असतं. सत्तेचाळीसच्या माणसाच्या शवपेटीपुढे लाल म्हणजे त्याच्या बायकोच्या तोंडात मारल्यासारखं.

मावशीने बुटाचं पॉलिश लावून पाहिलं. ओठ काळे झाले. ते पुसून तिने दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी बाहेरून घट्ट गुंडाळली. पण काठाला ओठ लागतात. तिथे पट्टी चालेना. काठ आणि वाटीची आतली बाजू लालच राहिली.

“ओठ टेकलेले असले की दिसणार नाही,” मी म्हणालो. “पण यात्रा चार वेळा थांबते.”

“मग मी ओठ काढणार नाही.”

“चाळीस मिनिटं?”

“लेखकराव, तुम्ही उद्या तुमची दोन पानं वाचा. बाकी माझ्यावर सोडा.”

सकाळी उणे एकोणतीस होतं. गोठू नयेत म्हणून तिने ट्यूबाच्या चाव्यांमध्ये ज्वारीची दारू ओतली, उरलेला एक घोट स्वतः घेतला. थोरल्या मुलाने मडकं फोडलं आणि आम्ही निघालो.

पहिली धून ऐकली आणि मास्तरांचं म्हणणं मला पटलं. सूर खरंच थोडा पोकळ होता.

पहिल्या चौकात यात्रा थांबली. मुलगा गुडघ्यांवर बसला. सगळ्यांनी वाद्यं खाली घेतली. मावशीने घेतला नाही. दहा किलोचा ट्यूबा छातीशी धरून, ओठ टेकवून ती उभी राहिली. ट्यूबा आतून गोठू नये म्हणून आवाज न करता आत श्वास सोडत होती, बोटांनी चाव्या हलवत होती. माउथपीस पितळेचा असता तर ओठ गेलाच असता.

दुसऱ्या चौकानंतर एक ट्रम्पेट गोठला. तिसऱ्यानंतर दुसरा, तो मास्तरांचा. खाली घेतला तेवढ्यात त्याच्या चाव्या गोठून घट्ट बसल्या. त्यांनी त्या दाबून पाहिल्या, फुंकून पाहिलं, मग नुसतंच तोंडाला लावून चालत राहिले. शेवटच्या वळणावर ढोल, झांजा आणि तोंग मावशी, एवढेच वाजत होते. तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

शवपेटी गाडीत चढली. धून संपली. ट्रकवाल्याची बायको आमच्याकडे वळून उभी राहिली. मावशीचे ओठ तिथेच.

“अगं, झालं. सोड आता,” मास्तर हळूच म्हणाले.

मावशीने डोळ्यांनीच त्या बाईकडे दाखवलं. बाई गाडीत बसली. गाडी वळणाआड गेली. मग मावशीने तोंड बाजूला घेतलं. ओठावरची खपली शाबूत होती.

मास्तरांनी माउथपीस पाहिला. बराच वेळ पाहिला.

“लाल?”

“लाल.”

“सूर पोकळ होता.”

“होता,” मावशी म्हणाली. “तुमचा कुठे होता?”

मास्तरांनी आपला गोठलेला ट्रम्पेट काखेत धरला आणि बर्फात पाय आपटले.

“ट्रम्पेटचा मिळतो का?” त्यांनी विचारलं. “काळा.”

मावशीने हातमोजा काढला आणि खिशातून फोन काढून माझ्याकडे दिला.

“लेखकराव, बघा जरा. आणि खालची बारीक अक्षरं आधी वाचा.”