चौदा नंबर

वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीमागे ते एकतीस वर्षं बसले. गेलेल्या माणसाच्या फोटोखाली चार ओळी लागतात, त्या ते रचत. ऑफिसात त्यांचं नावच ‘चार ओळी’ पडलं होतं. रोज नवं कुठून सुचणार? त्यांनी एका वहीत बावन्न कविता नंबर घालून लिहून ठेवल्या. एक ते नऊ आईसाठी, दहा ते पंधरा बायकोसाठी, पुढे बाकीचे. लोक वही चाळत, डोळे पुसत आणि नंबर सांगत. सर्वांत जास्त मागणी चौदाला. तिच्यात विझलेली ज्योत होती, जन्मोजन्मीची साथ होती. ती लिहिली तेव्हा त्यांचं लग्नही झालं नव्हतं.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी बायको गेली. त्यांनी वहीला हात लावला नाही. कोऱ्या कागदावर लिहिलं:

अकरा वर्षं आपण कामापुरतंच बोललो.
आधी कोणी बोलायचं, एवढाच प्रश्न होता.
तुझा चष्मा फ्रिजवर आहे.
मी तो हलवलेला नाही.

मुलीनं कागद वाचला. “बाबा, हे पेपरात द्यायचं?”

“खरं आहे ते.”

“म्हणूनच विचारतेय. घरची लक्तरं वेशीवर टांगायची आहेत का? आणि यमक कुठाय?”

“जन्मभर यमकच जुळवलं. हेच छापून यायला हवं. आयुष्यात एवढंच माझं आहे.”

ती कागद घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोखाली चौदा नंबर होता.

त्यांनी खिडकीवर फोन लावला. तिथे आता त्यांनीच तयार केलेला माणूस बसतो.

“काका, ताईंनी कागद दिला होता. पण तुम्हीच शिकवलंय ना? कोणी स्वतःचं लिहून आणलं तर ठेवून घ्यायचं, आणि गोड बोलून नंबर गळी उतरवायचा. दुःखात माणूस काय वाटेल ते लिहितो. ताईंना चौदा लगेच पटला. आणि तुमचाच तर आहे.”

त्यांनी फोन ठेवला. शिकवण त्यांचीच होती.

संध्याकाळी मेहुणी भेटायला आली. पर्समध्ये ते कात्रण नीट घडी घालून ठेवलेलं.

“भावजी, अगदी पोटातून आलंय हो. आम्हाला उगीच वाटायचं, तुम्हा दोघांत बोलणं नव्हतं.”

मुलगी चहाचे कप गोळा करत होती. तिचे हात थांबले.

“हो,” ते म्हणाले, “पोटातूनच आलं.”